दहाचं ऊन

लाझारो ओनेतोनं त्या सकाळी नेहमीसारखी टोपी उचलली आणि अख्खी गल्ली हसली.

टोपी उचलण्यात नवं काही नव्हतं. अकरा वर्षं तो हेच करत आला होता. सकाळी साडेसातला जेनोआतल्या आपल्या घराचे पाच जिने उतरायचे, गल्लीच्या वळणावर यायचं, समोरच्या गुलाबी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अर्धवट उघड्या हिरव्या झडपांमागे बसलेल्या बाईंना टोपी उचलून नमस्कार करायचा आणि मग कॉफीकडे वळायचं. बाई कधी उत्तर द्यायच्या नाहीत. लाझारोला त्याचं काही वाटत नसे. उलट एवढ्या शेजारपाजारात एक तरी बाई आपल्या तब्येतीची चौकशी करत नाही, म्हणून त्याला त्यांच्याबद्दल आदरच होता. त्या दिवशी मात्र इमारतीला परांची बांधलेली होती. परांचीवर कागदाची टोपी घातलेला एक रंगारी शीळ घालत उभा होता, आणि लाझारोची टोपी हवेत असतानाच त्यानं रुंद कुंचला बादलीत बुडवून बाईंच्या तोंडावरून सरळ फिरवला. नाक गेलं. मग एक डोळा गेला. बाई हलल्या नाहीत.

"अहो ओनेतो, कुणाला नमस्कार करताय?" दुकानाच्या दारातून न्हावी रेमिज्यो ओरडला. "रंग आहे तो, रंग!"

"म्हणजे याला खरंच ठाऊक नव्हतं?" भाजीवाली पाल्मिरा आर्टिचोक सोलता सोलता थांबली. "मी आपली सगळ्यांना सांगत होते, बापाच्या धंद्याचा मान ठेवतोय बिचारा."

"अकरा वर्षं?"

"मान ठेवायचा तर नीट ठेवावा."

"अगं पण बोटं तरी मोजायची की नाही माणसानं!" रेमिज्योनं वस्तऱ्यानं वर दाखवलं. "सहा आहेत. उजव्या हाताला सहा!"

लाझारोनं मोजली. कठड्यावर टेकलेला हात अजून पुसला गेलेला नव्हता. सहा होती.

कॉफीत फोकाच्चा पावाचा तुकडा बुडवून तो बराच वेळ बसला आणि तुकडा पेल्यातच विरघळून गेला. रंगवलेल्या खिडकीनं फसवलं याचं दुःख त्याला नव्हतं. या किनाऱ्यावर कोण फसत नाही? जिथं खिडकी हवी आणि खिशाला झेपत नाही, जिथं दुसऱ्याच्या बागेवर खिडकी उघडायला कायदा आडवा येतो, किंवा जिथं नुसतीच भिंत फार कोरी दिसते, तिथं इथले लोक पिढ्यान् पिढ्या खिडकी रंगवून घेत आलेले आहेत, झडपांसकट, सावलीसकट, कधी आत बसलेल्या मांजरासकट. पण सहा बोटं! कुणा नवशिक्यानं केलेल्या भिकार कामाला तो अकरा वर्षं टोपी उचलत होता. तो, ज्याचं पोट डोळ्यांवर चाललं, आणि वर तुनिन ओनेतोचा मुलगा. तुनिनला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरी त्या बापाचा आवाज पेल्याच्या तळातून आल्यासारखा त्याला ऐकू आला. आवाज हसत होता.

तुनिन भिंती रंगवायचा. मार्चमधला कोरडा वारा पडला आणि उन्हाळ्यानं अजून चुना भाजायला घेतला नाही, अशा मधल्या आठ-दहा आठवड्यांत तो खांद्यावर शिडी टाकून समुद्राकाठच्या डोंगरावरली गावं पालथी घालायचा, आणि तो गेला की मागे गोष्टी उरायच्या. त्यानं रंगवलेल्या कठड्यावर बसायला जाऊन एका गावची कबुतरं इतकी आपटली, की पाद्रीबुवांनी त्यांच्यासाठी खाली गवत पसरून ठेवलं. दुसऱ्या एका गावात चोर रात्रभर शिडी लावून त्याच्या खिडकीची कडी चाचपत राहिला आणि सकाळी शिपाई आले तेव्हा त्यांनाच म्हणाला, "जरा आतून उघडायला सांगा हो." या गोष्टी सांगणारा तुनिनच असल्यामुळे त्या खऱ्या मानायची पद्धत होती. एक मात्र लाझारोनं स्वतः पडताळून पाहिलं होतं. तुनिनच्या सगळ्या खिडक्यांवर ऊन सकाळी दहाचं असे. दहा वाजता तो फोकाच्चा आणि पांढरी दारू घेऊन भिंतीसमोर बसायचा, कठड्याची, झडपेची सावली कशी पडेल ते डोळ्यांनी भिंतीवर आखायचा, आणि पुढे दिवसभर, ऊन कुठंही जावो, तीच सावली रंगवायचा. त्यामुळे इतर वेळी त्याच्या खिडक्या चांगल्या दिसत. पण रोज सकाळी दहाला खरं ऊन चालत चालत रंगातल्या उन्हाला येऊन मिळे, आणि त्या दहा-बारा मिनिटांत भिंतीवरची खिडकी आणि आकाशातला सूर्य यांचं असं काही जुळे, की आतून कुणीतरी खोकेल असं वाटावं.

लाझारो त्याच दहा मिनिटांचा फोटोग्राफर होता. इस्पितळातल्या शेवटच्या दिवशी तुनिन त्याला म्हणाला होता, "एक खिडकी मी अशी काढलीय लाझा, की ती आजवर कुणाला ओळखू आली नाही. तुलासुद्धा येणार नाही." "कुठल्या गावात?" "वा! गाव सांगितल्यावर मग काय उरलं?" आणि मग, डोळे मिटून, थकलेल्या, खोडकर आवाजात, "तू बघतोस कुठं? तुझं यंत्र बघतं." एवढं बोलून बाप गेला. हे वाक्य एकोणीस वर्षं लाझारोच्या बरगडीत अडकून होतं. दर वसंतात तो तिपाई खांद्यावर टाकून बापाच्या वाटेनं निघे. बापाच्या म्हणून माहीत असलेल्या चाळीस खिडक्यांचे फोटो त्याच्याकडे होते, काहींचे तीन-तीन वेळा काढलेले, सगळे दहाला. पण ती एक सापडत नव्हती, जी सगळ्यांना खरी वाटते आणि रंगाची आहे. तिच्यासाठी त्यानं अनोळखी घरांच्या झडपा हातानं ठोकून पाहिल्या, आतल्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा तर पावट्याचं उकळतं पाणी डोक्यावर घेतलं. आणि आता ही सहा बोटं. कॉफी तशीच ठेवून उठताना त्यानं मनाशी ठरवलं, की एवढा वसंत. या खेपेला ती खिडकी दिसली नाही तर बापाचं खरं, डोळा आपल्याकडे कधी नव्हताच. मग कॅमेरा खाली ठेवायचा तो कायमचा.

एप्रिल लागला होता. आगगाडी बोगद्यात शिरे, बाहेर येई, आणि दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत समुद्र असा डोळ्यांत घुसे, की डब्यातली माणसं बोलता बोलता एक शब्द गाळत. गावं तीच होती. डोंगराला नखांनी धरून बसलेली, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण, पिवळी, गेरूची, करपलेल्या गुलाबी रंगाची. दगडी बांधांवर वाटाण्याचे वेल चढले होते, जांभळ्या फुलांचे घोस कठड्यांवरून लोंबत होते, आणि पाकोळ्या नुकत्याच आफ्रिकेतून येऊन जणू सगळं जागेवर आहे ना ते ओरडून मोजत होत्या. लाझारोला हे दरवर्षी नव्यानं आवडे. पण या वर्षी त्या आवडण्यात एक खडा होता. प्रत्येक खिडकीपाशी त्याचे पाय अडखळत. वाळत घातलेला शर्ट खरा का? फडफडला, खरा. झडपेतून डोकावणारी म्हातारी? तो थांबून राहिला, तोंड उघडं टाकून, आणि म्हातारीनं विचारलं, "काय रे, घर विकत घेतोस का?" त्यानं घाईघाईनं टोपी उचलली आणि उचलता उचलता बोटं मोजली. बापाच्या खिडक्यांपाशी मात्र तो जुन्या सवयीनं पावणेदहाला जाऊन उभा राही, तिपाई रोवे, आणि ऊन येऊन मिळालं की बाकी सगळं विसरून जाई. काय हात होता त्या माणसाचा! एका झडपेची एकच पट्टी तुटकी काढलेली आणि तिच्यातून येणारी उन्हाची रेघ आतल्या अंधारात विरलेली. आपल्याच घरात हा माणूस एक खिळा सरळ ठोकू शकत नसे, आई त्याला नाही नाही ते बोलायची, वसंतात तर जास्तच. "तीन-तीन आठवडे कुठल्या खिडकीला लागतात रे?" ती विचारायची. तो म्हणायचा, "चांगल्या खिडकीला."

पिएत्रानेराला तो अशाच पावणेदहाच्या हिशेबानं निघाला होता. तिथली खिडकी त्याची फार लाडकी. आत एक बाई बसलेली, जाळीच्या पडद्याआड, हात कठड्यावर, शेजारी बाझिलिकोची, म्हणजे तिकडच्या तुळशीची, कुंडी. तीन वेळा त्यानं तिचा फोटो काढला होता. फोटोगणिक बाईंचे केस पांढरे होत चालले होते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं भिंतीतला चुना वर येतो, त्याला इलाज नाही, हे त्यानं फोटोमागे पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं आणि मनोमन हळहळलाही होता. पण आधीच्या गावात, बसच्या थांब्यासमोर, एका पहिल्या मजल्याच्या खिडकीत पिवळं मांजर बसलेलं दिसलं. चांगलं होतं, जरा जास्तच चांगलं. शेपटीची सावली नेमकी बेतलेली. लाझारो बघत राहिला. मांजर हललं नाही. हेच ते असेल तर, असा विचार त्याच्या मनात आला. आठची बस आली. ड्रायव्हर म्हणाला, "चढता का?" लाझारो म्हणाला, "थांबा, हे हलतंय का बघू." ड्रायव्हरनं एकदा मांजराकडे आणि एकदा याच्याकडे बघितलं, आणि दार लावलं. साडेनऊला मांजरानं जांभई दिली, उठलं, पाठ फिरवून आत गेलं. पुढची बस संध्याकाळी होती.

मग तो पायी निघाला. जुनी खेचरांची वाट, सरळ डोंगरावर. तिपाई खांद्याला रुतत होती, पावलागणिक पायऱ्या संपतील असं वाटत होतं आणि संपत नव्हत्या, आणि त्याला सारखी आठवत होती ती परांचीवरच्या कुंचल्याची एक आडवी ओढ. किती सहज गेलं नाक. आपल्या सगळ्याच बघण्यावरून कुणी असा कुंचला फिरवला तर खाली काय निघेल? कोरा चुना? त्रेसष्ट वर्षांत आपण काय काय पाहिलं असं समजलो आणि ते नव्हतंच? जिच्याशी लग्न झालं असतं त्या मुलीचं हसणं. आईचा राग, जो कदाचित राग नसेल. इस्पितळातला बाप, डोळे मिटलेला, जो कदाचित त्या वेळी आपल्याकडेच बघत होता. वाटेत एका शेतकरणीनं त्याला बांधावर बसवून कोवळ्या शेंगा आणि मेंढीचं चीज खायला दिलं, आणि तिपाईकडे बघून "जमीन मोजायला आलात का?" असं विचारून वर दोन पेले दारू पाजली. हे सगळं होऊन तो पिएत्रानेराला पोचला तेव्हा चर्चच्या घड्याळात चारचे ठोके पडत होते. दहाचं ऊन केव्हाच गेलं होतं.

खिडकी ज्या बागेवर होती तिचं दार उघडंच होतं. लिंबाच्या झाडांत फळं आणि फुलं एकदमच आली होती, आणि त्या वासात एक नव्वदीचा म्हातारा खुर्ची टाकून, काठीवर हनुवटी ठेवून बसला होता. हा गास्पारे. बाग त्याची, मागची पिवळी भिंत आणि तिच्यावरचं घर त्याच्या वहिनीचं. लाझारोला तो दर खेपेला बघायचा. पण दहा वाजता घाईत आलेल्या माणसाशी बोलणार काय?

"अरे, तुनिनचा पोरगा! या वेळी? दहा वाजून गेले रे बाबा."

"बस चुकली."

"चुकली का चुकवली? बस. पाणी पी. तुझं गिऱ्हाईक काही पळून जात नाही." म्हाताऱ्यानं काठीनं वर दाखवलं. "एक्केचाळीस वर्षं तिथंच बसलंय."

लाझारो बाजूच्या दगडावर टेकला. घाम पुसला. तिपाई आडवीच ठेवली.

"तुला ठाऊक आहे का, हे कसं झालं?" गास्पारे म्हणाला. "भाऊ गेला. वाटणीत घर आलं कोलोंबाला, वहिनीला, आणि बाग मला. ती म्हणाली, या भिंतीला समुद्राकडं खिडकी पाडते. मी म्हटलं, माझ्या लिंबांच्या डोक्यावर? अजिबात नाही! कायदा आहे. कोर्टात जाईन. तीन वर्षं भांडलो आम्ही. मग आला तुझा बाप. म्हणाला, गास्पारे, नुसती रंगवली तर? मी म्हटलं, रंगव की! एक सोडून दहा रंगव! रंगवलेल्या खिडकीतनं कोण माझी लिंबं मोजणार आहे? हा हा! आणि काय रंगवली! तिलाच बसवली आत."

"आणि त्या कुठं असतात?"

"कोण, कोलोंबा? आहे की. शहाऐंशीची झाली. मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून असते म्हणे दिवसभर. पावाला तेवढी खाली उतरते. माझ्याशी बोलत नाही. भांडकुदळ." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चित्र बरं तिच्यापेक्षा. खरं सांगू? सोबत होते. कधी कधी तर वाटतं, माझ्याकडं बघतंय. आणि किती प्रामाणिक रंग बघ, तिच्यासारखेच केस पांढरे झाले त्याचे."

"चुना वर येतो," लाझारो सवयीनं म्हणाला.

"तेच ते. चुना. पण तीन आठवडे घेतले हां तुनिननं त्या एका खिडकीला! गोणपाटाच्या पडद्याआड. आणि ठोकाठोक किती! मी विचारलं, रंगवतोस का तोफा उडवतोस? तर म्हणाला, खिडकी काढतोय."

लाझारोनं वर बघितलं.

कठडा, त्याच्यावरची नक्षी, झडपांच्या पट्ट्या, सगळ्यांच्या सावल्या डावीकडे पडलेल्या होत्या, दहाच्या उन्हात पडाव्यात तशा, एक्केचाळीस वर्षं जिथं होत्या तिथं. सूर्य आता पश्चिमेला होता. आणि बाझिलिकोच्या कुंडीची सावली उजवीकडे पडली होती. एकट्या तिचीच. लांब, निळसर, पानापानांची, आणि वारा आला की हलणारी. त्यानं डोळे मिटले, उघडले. सावली उजवीकडेच होती. तीन वेळा तो या बाईंसमोर उभा राहिला होता, आणि तिन्ही वेळा नेमका त्या दहा मिनिटांत, जेव्हा खऱ्या सावल्या आणि रंगातल्या सावल्या एकाच बाजूला पडतात. बापानं त्याच्यापासून खिडकी लपवली ती उन्हाच्या याच जागेत, जिथं हा पोरगा वक्तशीर येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काढली. खिडकी काढली. एकोणीस वर्षं लाझारोनं त्या शब्दात कुंचला बघितला होता. आणि म्हातारा शेवटच्या श्वासाला छिन्नी-हातोड्याबद्दल बोलत होता. ओळखू न येणारं चित्र सापडणार कसं, ते नव्हतंच. होती एक खरीखुरी खिडकी, भिंत फोडून काढलेली, भोवती रंगवलेली चौकट आणि रंगवलेली झडप, पुढे जाळी, आणि जाळीआड एक बाई, जिला समुद्र हवा होता.

मग त्याला सगळं एकदम दिसू लागलं आणि थांबेना. घरी ट्रंकेत तीन फोटो होते. काळे केस, करडे केस, पांढरे केस. तीन फोटोंत बाझिलिको तीन उंचीचा. एकदा कुंडीचा काठ फुटलेला, पुढच्या खेपेला कुंडीच निराळी. रंगातलं रोप कधी वाढतं? पुरावा त्याच्याच हस्ताक्षरातल्या पेन्सिलीसकट त्याच्याच ट्रंकेत पडून होता. आणि आईचे ते तीन आठवडे. चांगल्या खिडकीला लागतात, असं बाप म्हणाला होता आणि खोटं बोलला नव्हता. निदान खिडकीपुरतं तरी. लाझारोला ओरडावंसं वाटलं. जेनोआच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल, रेमिज्योचा वस्तरा हातातून पडेल, पाल्मिराची टोपली उलटेल एवढ्या मोठ्यानं ओरडावं, की सापडली, मला दिसली, यंत्राला नव्हे, मला! शब्द ओठांपर्यंत आलाही.

"काय रे, काय बघितलंस?" गास्पारेनं विचारलं. म्हाताऱ्याची बोटं काठीवर आवळली होती. "तोंड का असं झालंय? काही बिघडलंय का चित्रात?"

लाझारोनं त्याच्याकडे बघितलं. नव्वद वर्षांचा तो माणूस, ज्यानं आयुष्यात एकच भांडण जिंकलं होतं. मग वर बघितलं. जाळीआड दोन डोळे होते, खाली वळलेले, न लवणारे. एक्केचाळीस वर्षांच्या सवयीनं न लवणारे. त्या डोळ्यांच्या पुढ्यात अख्खी बाग होती, बागेपलीकडे छपरं, छपरांपलीकडे ते निळं, अफाट, उन्हात खवल्यांसारखं चमकणारं पाणी, जे त्या बाईला रोज रंगाच्या एका थराआडून मिळत होतं. आणि ते सगळं आता एका फोटोग्राफरच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"नाही," लाझारो म्हणाला. "बिघडलेलं काही नाही. बाबांचं सगळ्यात चांगलं काम हेच."

"मग! मी काय म्हणतोय?" गास्पारे खूश झाला. "पुस्तकात छापणार असशील तर लिही खाली, रंगवलेली खिडकी, गास्पारेच्या बागेवरची. रंगवलेली, हे ठळक लिही हां. उद्या ती म्हणेल खरी आहे म्हणून!"

"ठळक लिहीन," लाझारो म्हणाला.

त्यानं तिपाई उभी केली. चार वाजताच्या उन्हात त्यानं आयुष्यात बापाच्या खिडकीचा फोटो काढला नव्हता. भिंगातून बघताना त्याला कळलं, की आपण घाईत नाही आहोत. कुंडीची सावली उजवीकडे, बाकी सगळं डावीकडे. ज्याला दिसेल त्याला दिसेल, आणि दिसणार कुणालाच नाही, कारण खाली आपण स्वतः लिहिणार, रंगवलेली. खटका दाबताना वारा पडला होता. मग कॅमेऱ्यामागून बाहेर येऊन, भिंतीसमोर सरळ उभं राहून, जेनोआच्या गल्लीत रोज उचलायचा तशी त्यानं टोपी उचलली.

गास्पारे इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे कुणाला नमस्कार करतोस? रंग आहे तो, रंग! आणि म्हणे तुनिनचा पोरगा!"

"सवय आहे," लाझारो म्हणाला आणि टोपी तशीच धरून राहिला. कठड्यावर हात होता. त्यानं मोजली. पाच होती. त्या पाचांतलं एक बोट हळूच उचललं गेलं, क्षणभर उन्हात राहिलं, आणि परत दगडावर जाऊन टेकलं, ओला रंग वाळावा तसं, पुन्हा न हलण्यासाठी.